अर्ध्या तासाचा खिमा

स्वयंपाकघराविषयी लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास कोणी दिला, असा प्रश्न सुज्ञ वाचक-भगिनी विचारतील आणि तो रास्तच आहे. आयुष्याची तीन दशके हजेरीपटात आणि व्याकरणाच्या तासांत गेली. ओट्याशी आमचा संबंध चहाचा रिकामा कप नेऊन ठेवण्यापुरता. तथापि गेल्या हिवाळ्यात घरी एक लहानसा प्रसंग घडला, आणि त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

आमची कन्या अमेरिकेत डॅलस येथे असते. शनिवारी सकाळी येथे साडेसहा वाजले की तिकडे शुक्रवारची संध्याकाळ असते, आणि ती कचेरीतून घरी येऊन स्वयंपाकाला लागलेली असते. अशाच एका सकाळी दूरध्वनीच्या पडद्यावर तिची कढई दिसली. आईने सवयीने विचारले, "आज काय केलंस?" ती म्हणाली, "टर्कीचा खिमा घालून पास्ता. अर्ध्या तासात होतो." आईच्या कपाळावर आठी उमटली. "अर्ध्या तासाचं जेवण म्हणजे पोटाची नुसती बोळवण. आणि तो कुठला परका पक्षी?" मुलगी हसली, पण हसण्यात थोडा ओरखडा होता. तो आम्हांस दिसला, सौ. ना दिसला नाही, किंवा दिसूनही त्यांनी दाखविला नाही.

'परका पक्षी' हा शब्द मात्र आमच्या भाषाशिक्षकी मनात घोळत राहिला. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो माणसाळविला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. पण त्याच्या नावाची गंमत पाहा. इंग्रज त्याला तुर्कस्तानच्या नावाने ओळखतात, आणि खुद्द तुर्की भाषेत त्याचे नाव आहे 'हिंदी'! फ्रेंचांनीही त्याला हिंदुस्थानचा ठरविले. डच भाषेतील त्याच्या नावात आपले कालिकत दडलेले आहे, तर पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. आपण त्या नावाने फळ ओळखतो. म्हणजे ज्याने त्याने तो दुसऱ्याच्या दारातला मानला. आमच्या सौ. नी काही निराळे केले नाही.

आपल्या देशालाही तो अगदी नवा नाही. इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही दुर्मिळ जिनसा आणल्या, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे पालटतात, हे बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नोंदविले आहे. उस्ताद मन्सूरने त्याचे काढलेले चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आणि 'खिमा' तरी आपला कुठला? मुळात तो तुर्की शब्द. फारसी-उर्दूच्या वाटेने तो दख्खनला आला आणि हैदराबादेत असा मुरला की, सकाळच्या न्याहारीत खिचडी, खिमा आणि तीळ-चिंचेचा खट्टा हे त्रिकूट नसेल तर जुन्या शहरातल्या माणसाचा दिवस उजाडत नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांतही, जेथे मांसाहार चालतो तेथे, खिम्यात मेथी पडते, पुदिना पडतो. ज्या टोमॅटोशिवाय आणि मिरचीशिवाय आज आपले पान हलत नाही, ती दोन्ही त्याच अमेरिका खंडातून, टर्कीच्याच मुलखातून आलेली.

राहता राहिला पास्ता. आमच्या मातोश्री उन्हाळ्यात परात घेऊन बसत. रव्याची घट्ट कणीक मळून बोटांत गव्हले वळीत, नखाने दाबून नखुले करीत आणि फणीवरून फिरवून फणुले. लग्नाच्या रुखवतात ते मांडले जात, आणि त्यांची खीर होई. इटलीत रोमान्या नावाचा प्रांत आहे. तेथील बायका 'गार्गानेल्ली' नावाचा पास्ता अशाच फणीसारख्या दातेरी फळीवर वळतात. दोन मुलखांतल्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या आज्यांच्या हातांना एकच युक्ती सुचावी, याचे नवल वाटते. आपल्याकडे शेवयांना जसा बन्सी गहू चांगला, तसाच त्याच जातकुळीचा कठीण गहू पास्त्याला लागतो. आमच्याच हैदराबादच्या ज्या 'बांबिनो' कंपनीच्या शेवया आपण वर्षानुवर्षे आणतो, तिचे नावही इटालियन आहे. त्याचा अर्थ 'बाळ'.

हे सारे पांडित्य आम्ही सौ. ना ऐकविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, नावं कुणाची का असेनात. रोज घाईघाईनं शिजवलेलं खाऊन पोरीची आबाळ होते, ते बघा." शब्दकोशात या वाक्याला उत्तर नव्हते.

डिसेंबरात कन्या आणि जावई आले. दुसऱ्याच आठवड्यात मुलीने जाहीर केले, "आज स्वयंपाक माझ्याकडे." टर्कीचा खिमा येथे सहजी मिळत नाही, तेव्हा कोंबडीवर भागवायचे ठरले. पिशवी घेऊन आम्ही तिच्याबरोबर गेलो. तिने नुसत्या छातीच्या मांसाचा अर्धा किलो खिमा मागितला. दुकानदार दख्खनीत म्हणाला, "नुस्ता सीने का लिये तो सूख जाता साब, रान मिलाको लेव." मुलगी चकित झाली. टर्कीच्या खिम्याविषयी तिकडे तिला अनुभवाने जे कळले होते, तेच हा गृहस्थ न विचारता सांगत होता. निम्मे छातीचे, निम्मे रानाचे असे मांस त्याने आमच्यासमोर स्वच्छ केले आणि यंत्रातून काढून दिले. पक्ष्याचा खिमा ताजा करून घ्यावा, घरी आल्यावर लगेच थंड ठेवावा आणि त्याच दिवशी शिजवावा. घरी तो पुन्हा धुऊ नये. धुतल्याने पाणी धरतो आणि परतण्याऐवजी उकडतो.

आता कृती सांगतो. चार माणसांस अर्धा किलो खिमा, ४०० ग्रॅम पास्ता, सहासात पिकलेले टोमॅटो, दोन कांदे, एक गाजर, आठ लसूणपाकळ्या, तीन मोठे चमचे तेल, मिरपूड, अर्धा चमचा लाल तिखट आणि मीठ.

पहिले काम पाण्याचे. मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी ठेवावे. ते उकळेपर्यंत बाकीची तयारी होते. कांदा आणि गाजर अगदी बारीक चिरावे, टोमॅटो किसून घ्यावेत. रुंद कढई चांगली तापवून एक चमचा तेल घालावे आणि निम्माच खिमा पसरावा. येथे आमच्या हातून चूक झाली. आम्ही उलथने घेऊन ढवळू लागलो, तेव्हा मुलीने हात धरला. "बाबा, दोन-तीन मिनिटं त्याला हात लावू नका." खिमा एकदम सगळा घातला किंवा सारखा ढवळला, तर त्याचे पाणी सुटते आणि तो पांढरट, बेचव होतो. स्वस्थ राहू दिला तर खालून तांबूस होतो, आणि सारी चव त्या तांबूसपणात असते. मग उलटून, मोडून, काढून ठेवावा. उरलेल्या खिम्याचे तसेच करावे.

त्याच कढईत राहिलेल्या तेलात कांदा-गाजर सहासात मिनिटे परतावे, मग लसूण मिनिटभर. तिखट घालून लगेच टोमॅटो घालावेत आणि तळाला चिकटलेली खरवड त्या रसात सोडवून घ्यावी. दहा मिनिटांत रस आटतो आणि तेल कडेला दिसू लागते. गावरान टोमॅटो फार आंबट असले तर चिमूटभर साखर घालावी. मग खिमा परत घालून पाच मिनिटे मंद आचेवर ठेवावा. पक्ष्याच्या मांसात कोठेही गुलाबी छटा राहता कामा नये. मोजायचे साधन असेल तर आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस भरले पाहिजे.

दरम्यान उकळत्या पाण्यात ३० ते ४० ग्रॅम मीठ टाकून पास्ता शिजवावा. पुडक्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढावा, आणि त्याचे पाणी वाटीभर राखून ठेवावे. त्या पाण्यात पेजेसारखे पीठ उतरलेले असते; ते रश्श्यात घातले की रस्सा पास्त्याला धरून राहतो. पास्ता कढईतच घालून दोन मिनिटे एकत्र हलवावा. पास्त्याच्या पाण्यात मीठ असते, म्हणून रश्श्याचे मीठ शेवटी चाखून घालावे. टर्कीचा खिमा मिळाल्यास कृती हीच. तो अधिकच कोरडा, म्हणून तेल चमचाभर वाढवावे. ज्या घरांत मांसाहार नाही, तेथे खिम्याच्या जागी शिजवलेला अख्खा मसूर घातल्यासही पदार्थ चांगला होतो.

सौ. दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "रस्सा मुरायला नको का गं? निदान तासभर?" मुलीने उत्तर दिले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इटलीतील बोलोन्या शहरी या रश्श्याचा थोरला भाऊ शिजतो. तेथील मंडळींनी त्याची अधिकृत कृती १९८२ साली चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवूनही ठेवली आहे. तो दोन-तीन तास मंद आचेवर ठेवतात, कारण त्यात मोठ्या जनावराचे चिवट मांस असते. त्यातले तंतू विरघळून मऊ व्हायला तेवढा वेळ लागतोच. पक्ष्याच्या मांसात असे चिवट तंतू थोडे. त्याला तासभर ठेवले तर ते मुरत नाही, उलट भुसभुशीत होते. "आई, याला वेळ कमी लागतो म्हणून कमी देते. आळस म्हणून नाही."

सौ. काही बोलल्या नाहीत. मुलगी कढईकडे पाहतच पुढे म्हणाली, "तू बँकेतून साडेसहाला यायचीस आणि नऊ वाजेपर्यंत ओट्याशी उभी असायचीस. आम्हांला गरम पोळी मिळायची. पण तुला आमच्याबरोबर जेवताना मी कधी पाहिलं नाही. मला बसायचं असतं, आई. म्हणून अर्ध्या तासाचं करते."

घरात काही क्षण कढईचाच काय तो आवाज होता. त्या साऱ्या वर्षांत साडेसहा ते नऊ आम्ही काय करीत होतो, हे कोणी विचारले नाही. उत्तरपत्रिका तपासत होतो. त्या तपासायच्या होत्या हे खरे. पण पानावर येणारी गरम पोळी कोणाच्या उभ्या पायांवर येते, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी घातला नाही, हेही तितकेच खरे. आयुष्यभर इतरांच्या चुकांखाली लाल रेघ ओढणाऱ्यास स्वतःची एवढी मोठी चूक दिसू नये!

सौ. गच्चीत गेल्या. आल्या तेव्हा हातात कुंडीतल्या पानओव्याची तीन-चार पाने होती. मुलीने परदेशातून सुक्या ओरेगॅनोची बाटली आणली होती, सौ. नी ती हुंगून पाहिली, पाने हुंगून पाहिली, आणि बारीक चिरून कढईत टाकली. दोहोंच्या वासात खरोखरीच सख्ख्या बहिणींसारखे साम्य आहे. दोन्हींत सुगंधाचे द्रव्यही बव्हंशी एकच असते. "आता झाला आपला," त्या म्हणाल्या.

त्या रात्री सव्वाआठ वाजता आम्ही चौघे एकदम जेवायला बसलो. कोणी वाढायला उठले नाही. कढई मध्येच होती, ज्याने त्याने वाढून घेतले. सौ. नी दुसऱ्यांदा घेतला तेव्हा मुलीने आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही ताटाकडे.

मुलगी जानेवारीत परत गेली. तेव्हापासून दर शनिवारी रात्रीचा स्वयंपाक आमच्याकडे आहे. अर्ध्या तासाला आम्हांस अजून पाऊण तास लागतो, आणि कांदा मुलीच्या हातासारखा बारीक होत नाही. पण सौ. त्या वेळी खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचतात, आणि मधूनच मान वर न करता सांगतात, "ढवळू नका हो, राहू द्या जरा."