दाताचे मूळ कोणी पाहिले?

दात सरळ करणारे साचे विकणाऱ्या कंपनीच्या मोबाइलवरच्या चित्रफितीत वाकडे दात बघता बघता सरळ होतात. सुळा मागे सरकतो, पुढची फट मिटते, हिरडी शेवटपर्यंत गुलाबी आणि घट्ट राहते. तोंड आपलेच आहे असे पाहणाऱ्याला वाटते. दातांपुरते ते खरेही असते, कारण त्याच्याच तोंडाच्या स्कॅनवरून ही चित्रफीत बनते. पण स्कॅनरला दिसतो तो दाताचा बाहेरचा भाग. आत गेलेले मूळ त्याला दिसत नाही. ते मूळ ज्या हाडात रुतले आहे, ते हाडही दिसत नाही. त्यासाठी एक्स-रे लागतो. आणि अनेकदा नेमका तोच न काढता साच्यांची ऑर्डर घेतली जाते.

उपचार होतो तो मात्र त्या हाडातच. अलाइनर म्हणजे पारदर्शक साचा. तो दातावर दाब देतो. दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, मागच्या बाजूला नवे भरते. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा साचा. तारा लावल्या तरी आत हेच घडते. हाड धड असेल तर दात सरकून नव्या जागी पक्का बसतो. हिरडीत रोग ठाण मांडून असेल तर विरघळलेले हाड परत येत नाही. दात सरळ होतो आणि हलायला लागतो.

तमिळनाडूत, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांना हे कोणी सांगितले आहे का? तंजावर, कुंभकोणम, तिरुवैयारु हा पानमळ्यांचा मुलूख. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला 2025 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पानाबरोबर सुपारी येते, पुष्कळांच्या तोंडात तंबाखूही येतो. तंबाखूने हिरडीचा रोग बळावतो, आणि कधी कधी वर तो झाकूनही ठेवतो, कारण हिरडीतून रक्त येणे त्याने कमी होऊ शकते. दुखत तर नसतेच. वर्षानुवर्षे काही दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही.

आता एक उदाहरण घ्या, कारण सगळा धोका त्यातच आहे. चाळिशीच्या पुढचा माणूस. तरुणपणी दात एका ओळीत होते. अलीकडे पुढच्या दोन दातांत फट पडली, एक दात पुढे आला. त्याला वाटते वयोमानाने झाले असेल, फोटोत बरे दिसत नाही. जाहिरात म्हणते, फट सहा महिन्यांत मिटेल. पण मोठेपणी नव्याने पडलेली फट हे बऱ्याचदा हाड खचल्याचे लक्षण असते. आधार सुटला म्हणून दात सरकला. त्याच दाताला आता साच्याने ढकलायचे! या माणसाला आधी हिरडीचा इलाज हवा. रोग आटोक्यात आल्यावर, बेताच्या दाबाने, दातही हलवता येतात. क्रम मात्र उलटा करून चालत नाही.

हा रोग ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते. दंतवैद्य ती दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच घालतो आणि प्रत्येक दाताभोवती फिरवत आकडे सांगत जातो. तीनपर्यंत ठीक. चार, पाच, सहा आले की हिरडी दातापासून सुटत चालली आहे असे समजायचे. पाच-दहा मिनिटांचे काम. पण त्यासाठी रुग्ण खुर्चीवर आणि दंतवैद्य शेजारी असावा लागतो. घरी येऊन स्कॅन करून जाणाऱ्याकडून ते होत नाही आणि फोटो पाठवूनही होत नाही.

रुग्ण समोर बसवून तपासणे आणि नोंद ठेवणे इथे नवे नाही. याच तंजावरात सरफोजी राजे दुसरे यांच्या काळात, म्हणजे 1798 ते 1832 या कारकिर्दीत, डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे ठेवली गेली. सरस्वती महाल ग्रंथालयात ती आजही आहेत. त्यांत डोळ्याचे चित्र आहे आणि उपचारांची नोंद आहे. समोर बसलेल्या रुग्णाच्या डोळ्यात जे होते, ते चित्र काढून ठेवले. अजून न झालेला गुण रुग्णाला दाखवायला ते काढलेले नव्हते. दोनशे वर्षांनी त्याच गावच्या माणसाला आपल्या तोंडाचा साधा केसपेपर मिळू नये?

साचे वाईट नाहीत. दातांची ठेवण सुधारण्याच्या शास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याच्या हातात ते चांगले काम करतात. मात्र दिवसातले वीस-बावीस तास ते घालावे लागतात आणि गरम कॉफीच्या प्रत्येक पेल्याआधी काढावे लागतात. दात सरळ झाल्यावरही ते जागेवर राहावेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो. काही वेळा जागा करण्यासाठी दातांच्या कडा किंचित घासतात. घासलेला थर पुन्हा येत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. हे सगळे सांगणारे आणि अधूनमधून तपासणारे माणूस हवे. कंपनीची हेल्पलाइन त्या जागी चालणार नाही.

ती हेल्पलाइनही कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. दवाखान्याची पायरी न चढता घरपोच साचे, असे सांगणारी स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकी कंपनी 2014 मध्ये निघाली. सप्टेंबर 2023 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरात दुकान बंद केले. उपचार अर्ध्यावर आलेल्यांना सांगितले गेले, जवळचा दंतवैद्य गाठा. हप्त्यावर साचे घेतलेल्यांनी हप्ते मात्र भरत राहावेत, हेही सांगितले. तिथल्या ग्राहकाला निदान जवळचा दंतवैद्य गाठता आला असेल. तंजावरकडच्या ओरत्तनाडूच्या आतल्या गावात, कुरुवै आणि सांबा या हंगामांतल्या भाताच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घराने दरमहाचा हप्ता मान्य केला आणि तिसऱ्या साच्याला दात हलू लागला, तर त्याने कोणाचे दार ठोठावायचे?

म्हणून पैसे देण्याआधी दोनच गोष्टी मागा. माझा एक्स-रे दाखवा, आणि उपचार करणाऱ्या दंतवैद्याचे नाव सांगा. ‘आमची तज्ज्ञांची टीम’ हे नाव नव्हे. तंजावरहून बसने जाण्याजोग्या पुदुकोट्टैला 2023 पासून सरकारी दंत महाविद्यालय आहे. कंपनीने एक्स-रे टाळला तर तो तिथे किंवा गावाजवळच्या दंतवैद्याकडे काढून घ्या, हिरडी मोजून घ्या, मग ठरवा.

पण सगळी जबाबदारी रुग्णावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. साच्यांच्या डब्यावर कंपनीचे नाव ठळक असते. तितक्याच ठळक अक्षरांत उपचार करणाऱ्याचे नाव आणि राज्य दंत परिषदेकडचा त्याचा नोंदणी क्रमांक छापायला लावावा. एक्स-रे आणि हिरडीची तपासणी कागदावर नसेल, तर साचा बनवायलाच मनाई करावी.