मैदान ही मुले गुंतवून ठेवण्याची जागा नव्हे

निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडे युवकांची आठवण होते. जनजागृतीच्या फेऱ्या निघतात, महाविद्यालयांतून मतदानाच्या शपथा दिल्या जातात आणि टक्केवारी जाहीर झाली की 'तरुण पिढी उदासीन आहे' असा ठपका ठेवून सारे मोकळे होतात. नागपूरच्या तरुणाने या आरोपाला एकच प्रतिप्रश्न करावा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. त्या काळात अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाने वस्तीतल्या मैदानावरचा दिवा बंद आहे, हे सांगायला कोणाच्या दारी जायचे होते?

वस्तुतः नागरिकत्वाचे पहिले धडे मतदान केंद्रावर मिळतच नाहीत. ते मिळतात मैदानावर, आणि हे सिद्ध करणारे उदाहरण याच शहरात आहे. २००१ च्या सुमारास हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा विभागाचे प्रा. विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतील मुलांना एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले. त्यांनी त्या मुलांच्या हाती चेंडू दिला. पुढे झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धेला शंभराहून अधिक संघ उतरले. बारसे सरांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून बोखारा येथे जमीन घेतली. येथून घडलेली मुले बेघरांच्या विश्वचषकात भारताच्या वतीने खेळली, २०१६ साली 'फिफा'ने या कार्याला विविधता पुरस्कार दिला आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोहोचली.

येथपर्यंत सर्वांना ठाऊक आहे, सर्वांचे डोळेही पाणावले आहेत. तथापि या कथेचा आपण काढलेला अर्थ फार तोकडा आहे. 'मुले व्यसनापासून, गुन्हेगारीपासून दूर राहिली', एवढेच आपल्याला दिसते. म्हणजे खेळ हे एक प्रकारचे गुंगीचे औषध. पोरे गुंतून पडली की वस्ती शांत! झोपडपट्टीतील मुलाकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहण्याची ही सभ्य रीत आहे, याचे भान कौतुक करणाऱ्यांनाही नसते. धरमपेठेतला मुलगा टेनिस शिकू लागला, तर 'बरे झाले, आता चोऱ्या करणार नाही' असे कोणी म्हणते काय?

या चळवळीत वापरली जाणारी 'तीन सत्रांच्या फुटबॉल'ची पद्धत पाहिली म्हणजे खरा मुद्दा ध्यानात येतो. तिचा उगम कोलंबियातील मेडेलिन शहरातला. १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्याच संघावर गोल झाल्यानंतर आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची तेथे हत्या झाली आणि त्या रक्तलांछित शहरात एक निराळा खेळ सुरू झाला. त्यात पंच नसतो. पहिल्या सत्रात दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात, दुसऱ्यात खेळतात, तिसऱ्यात पुन्हा बसून नियम कोणी पाळले, कोणी मोडले याचा निवाडा स्वतःच करतात. मेडेलिनमध्ये तर संघातील मुलीने पहिला गोल केल्याखेरीज मुलांचे गोल धरले जात नसत. नियम आपण करायचे, आपण पाळायचे आणि मोडले तर प्रतिपक्षासमोर कबूल करायचे. लोकशाही याहून निराळी काय असते? आपल्या विधिमंडळांनी तिसरे सत्र अद्याप सुरू केलेले नाही, हा भाग वेगळा.

नागपूरला हे परके वाटण्याचे कारण नाही. डॉ. हेडगेवारांनी १९२५ साली आरंभिलेल्या कार्याचे दैनंदिन रूप मैदानावरचा एक तास हेच राहिले आहे. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा गणशिक्षक म्हणून उभा राहतो, खेळ घेतो, न आलेल्याच्या घरी जाऊन चौकशी करतो. कोणाचे वडील आजारी आहेत, कोणाची फी भरायची राहिली, हे त्याला कळते ते या चौकशीतून. मात्र आपल्यापैकी अनेकांची मुले त्या वेळी शिकवणी वर्गात असतात, हेही कबूल केलेले बरे.

अडचण आहे ती मैदानांची. २०१८ पासून शहरात खासदार क्रीडा महोत्सव होतो, हजारो खेळाडू उतरतात, उत्सव हवाच. परंतु तो आटोपल्यावर उरलेल्या महिन्यांत मुलांनी खेळायचे कोठे? माझ्या लहानपणी ज्या मोकळ्या जागेवर आम्ही कबड्डीच्या रेषा फक्कीने आखत असू, तेथे आज वाहनतळ आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम १२७ अन्वये क्रीडांगणासाठी आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देतो आणि ठरावीक मुदतीत प्रशासन हलले नाही की आरक्षण आपोआप व्यपगत होते. मैदान कोणी पळवावे लागत नाही. नुसते स्वस्थ बसणे पुरते! जी मैदाने उरली, त्यांवर मेळावे आणि प्रदर्शने. मांडव उठला की खिळे आणि खड्डे मुलांच्या वाट्याला.

म्हणून मागणी साधी आहे. वस्तीतील प्रत्येक मैदानाची देखरेख तेथे खेळणाऱ्या अठरा ते पंचवीस वयाच्या मुला-मुलींच्या समितीकडे द्यावी. वेळापत्रक त्यांनी ठरवावे, मुलींचे तास त्यांनी राखावेत, मैदान भाड्याने देण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी आणि भाड्याचा हिशेब फलकावर लावावा. महाराष्ट्राने २००९ साली महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. ती कागदावरच राहिली आहे. तिची पहिली बैठक सभागृहात न भरवता मैदानाच्या कडेला भरवायला काय हरकत आहे?

'मुले राजकारण करतील, भांडतील' अशी भीती वडीलधारे घालतील. भांडू द्यावे. क्रिकेटवाले आणि कबड्डीवाले संध्याकाळच्या दोन तासांसाठी भांडतील, आठवडाभर बोलणार नाहीत, मग तोडगा काढतील. त्यातलीच एखादी मुलगी उद्या बंद दिव्याचा अर्ज घेऊन झोन कार्यालयाच्या पायऱ्या चढेल. तिच्या अर्जावर पोचेचा शिक्का उमटवून द्यायला खिडकीपलीकडे कोणी बसलेला असेल काय?