शिशिरातले धोंडे

माघ सरत आला म्हणजे आमच्या परिचयातील मंडळी हवेविषयी कुरकुर करू लागतात. थंडी धड उरलेली नसते, उन्हाळा धड आलेला नसतो. पहाटे शाल हवी, दुपारी पंखा. अंगणात पाचोळा, झाडे उघडीबोडकी. वर्षेचे कौतुक होते, वसंताचे होते. शिशिराला मात्र कोणी वाली नाही. आम्हांस विचाराल तर हैदराबादचे खरे दर्शन याच दिवसांत घडते.

कारण येथील खडक. हे नगर वसले आहे ते सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटवर. आपल्या वाडवडिलांच्या ओळखीचा सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यापुढे अगदीच पोर! भूगर्भात थिजलेल्या या ग्रॅनाइटला उभ्याआडव्या भेगा पडल्या, त्यांतून पाणी झिरपले, कोपरे झिजले, भोवतीची माती वाहून गेली आणि एकावर एक रचल्यासारखे वाटोळे धोंडे उरले. पावसाळ्यात त्यांना झाडोरा झाकून टाकतो. माघ-फाल्गुनात तो गळतो. थंडीमुळे नव्हे, तर जमिनीतील ओल आटू लागली की झाडे पाने टाकून आपले पाणी राखतात म्हणून. मग मौलाअलीचा डोंगर आणि गोवळकोंड्याची टेकडी आपल्या मूळ रूपात समोर येतात. सकाळच्या तिरप्या उन्हात करडा दगड हळूहळू गुलाबी होतो. तो पाहावयास फार तर अर्धा तास मिळतो. पुढे ऊन पांढरे होते आणि शोभा ओसरते.

शहराबाहेर याच सुमारास पळस फुलतो. पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो; या दिवसांत तीही नसतात, नुसता केशरी जाळ. आमचे तेलुगू शेजारी त्याला मोदुगु म्हणतात.

आमच्या गच्चीवरून तीन धोंड्यांची एक उतरंड दिसत असे. एका हिवाळ्यात तिला सुरुंग लागले, तिची खडी झाली, आता तेथे इमारत आहे. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी? आमचे घरही अशाच कोणत्या तरी उतरंडीच्या खडीवर उभे असणार. १९९६ साली येथील काही नागरिकांनी खडक वाचविण्यासाठी ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था काढली, तेव्हा पुष्कळांना हसू आले होते. दगड का कोठे नाहीसे होतात, असे तेव्हा आम्हांसही वाटले होते.

रथसप्तमीनंतरच्या एका रविवारी आम्ही घरच्या मुलांना घेऊन मौलाअलीच्या पायऱ्या चढलो. वर वारा गार होता आणि दगड उन्हाने कोमट झालेला. धाकटी त्याला गाल लावून बसली. खाली न्याहारीचे डबे उघडले गेले, दोनदा हाका झाल्या, तरी ती काही उठेना.