प्रार्थनेचा संगीतकार

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या बैठकीत अशी एक सूचना पुढे आली की, यापुढे शाळेच्या रंगमंचावर एकही चित्रपटगीत होऊ नये. सूचनेमागील तळमळ आम्हांला समजते. आठवी-नववीतील मुलांनी अंगविक्षेप करीत म्हटलेली काही गाणी ऐकून आम्हीही मान खाली घातलेली आहे. वाद बराच रंगला, निर्णय झाला नाही आणि प्रश्न पुढील वर्षावर टाकण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगणात नेहमीप्रमाणे प्रार्थना सुरू झाली, आणि आम्हांला हसू आवरेना. ती प्रार्थना म्हणजे चित्रपटगीतच की!

होय, विद्यार्थिमित्रहो. आपण रोज हात जोडून जी हिंदी प्रार्थना म्हणता, ती व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या 1957 सालच्या चित्रपटातील आहे. शब्द भरत व्यासांचे, स्वर लता मंगेशकरांचा आणि चाल वसंत देसाई यांची. औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसविण्याचा जो प्रयोग झाला, त्यावरून ही कथा सुचलेली. खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना एक तुरुंगाधिकारी उजाड माळावर नेतो व शेतीला लावतो. त्या माळावरची प्रार्थना तारनाक्याच्या मराठी मुलांच्या मुखी यावी आणि चाल कोणाची हे शाळेत फारसे कोणाला ठाऊक नसावे, ही गोष्ट आम्हांला काही दिवस टोचत राहिली आहे.

वसंत देसाई यांचा जन्म 9 जून 1912 रोजी तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील सोनवडे या गावी झाला. भजन, कीर्तन आणि रात्र रात्र चालणारे दशावतारी खेळ हे त्या मुलखाचे नित्याचे वैभव. आम्ही कोकणीभाषक असल्यामुळे त्या बाजूच्या माणसाचे कौतुक आम्हांला अंमळ अधिक वाटते, हे आधीच कबूल केलेले बरे! तरुणपणीच ते कोल्हापुरास 'प्रभात' कंपनीत दाखल झाले. छोट्या भूमिका केल्या, गाणी म्हटली, पडेल ते काम केले. गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव, केशवराव भोळे अशा थोरांच्या हाताखाली त्यांना शिकावयास मिळाले. पुढे शांतारामांनी 'राजकमल' ही स्वतःची संस्था काढली तेव्हा देसाई त्यांच्याबरोबर गेले, आणि 1943 च्या 'शकुंतला'पासून त्यांचे नाव देशभर झाले. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' 1946 सालचा. होनाजी बाळावरील 'अमर भूपाळी' तर 1952 साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात पोहोचला. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेल्या 1953 च्या 'श्यामची आई'लाही त्यांचेच संगीत होते.

परंतु चित्रपटांची यादी देऊन माणूस कळत नाही. आमच्या मते देसाई यांचा मोठेपणा एका विशिष्ट गोष्टीत आहे. 1955 च्या 'झनक झनक पायल बाजे'साठी त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्यासारख्या गवयाकडून अडाणा रागातील शीर्षकगीत गाऊन घेतले, आणि पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मा यांचे संतूर वाजविले. 1959 च्या 'गूँज उठी शहनाई'त बिस्मिल्ला खाँ यांची सनई घराघरांत नेली. रागदारीवर एवढी हुकमत असलेला माणूस प्रार्थनेला चाल लावतो तेव्हा काय करतो? सारी विद्या बाजूस ठेवतो. त्या चालीत एकही तान नाही, दमछाक करणारी जागा नाही. पेटी असो वा नसो, गळा असो वा नसो, पाचशे मुले ती एकदम म्हणू शकतात. अवघड चाल बांधणारे पुष्कळ भेटतात. अशी सोपी चाल बांधण्यास फार जाणता माणूस लागतो.

हा योगायोग म्हणावा, तर तो पुन्हा एकदा घडलेला आहे. 1971 च्या 'गुड्डी'मध्ये वाणी जयराम यांच्या गळ्यातून त्यांनी मियाँ मल्हारातील गीत दिले, आणि त्याच चित्रपटात शाळेतील मुलींच्या तोंडी एक साधी प्रार्थना. गुलजार यांनी लिहिलेली तीही आज अनेक शाळांतून म्हटली जाते.

पाश्चात्त्य देशांतील चित्रपट-संगीतकाराचे काम निराळे. फ्रान्सचे मोरीस जार यांनी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' आणि आपल्या देशावरील 'अ पॅसेज टू इंडिया' यांसाठी वाद्यवृंदाचे संगीत रचले व ऑस्कर पारितोषिके मिळविली. तेथे पडद्यावर नाव येते आणि लोक ते लक्षात ठेवतात. आपल्याकडे गाणे लोकांचे होते, गाणारा देव होतो आणि चाल लावणारा विस्मृतीत जातो. ऑक्टोबर 1966 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेले विश्वमैत्रीचे संस्कृत गीत गाइले. त्याची चाल वसंत देसाई यांची होती, हे किती घरांत ठाऊक असेल?

22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत राहत्या इमारतीतील लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे त्रेसष्ट.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. सरसकट बंदी नको. गाणे कोठून आले हे न पाहता कसे आहे ते पाहावे. निवड शिक्षकांनी करावी व तीत मुलांनाही विचारावे. आणि कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्या मुलामुलींच्या नावांखाली कवी व संगीतकार यांची नावे छापावीत. त्यास दोन ओळींहून अधिक जागा लागत नाही. सूचना मांडणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना आम्ही हे सारे ऐकविले. ते म्हणाले, "प्रार्थना वेगळी, सिनेमा वेगळा." आम्ही त्यांना एकदा सहकुटुंब 'गुड्डी' पाहण्याची विनंती केली आहे.