हप्ता कोणत्या कर्जाचा?

पोलीस खात्यातील भ्रष्टाचारावर आपल्याकडे व्याख्यानमालांतून आणि वृत्तपत्रांच्या संपादकीय पानांवरून जे बोलले जाते, त्याचा सूर बहुधा कीर्तनकाराचा असतो. माणसे बिघडली, संस्कार लोपले, खाकीचा धाक उरला तो फक्त गरिबाला. तेव्हा ध्यानशिबिरे भरवा, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' या ब्रीदाची आठवण द्या. ज्यांचे एवढ्याने समाधान होत नाही ते म्हणतात, लाचलुचपतीचे सापळे वाढवा. आणि परदेशवारी करून आलेल्या मंडळींकडून आणखी एक रामबाण उपाय ऐकू येतो : जॉर्जियासारखे करा, सगळ्यांना एका दिवसात घरी पाठवा. या सर्व उपायांचा रोख नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायावर आहे. आमचे म्हणणे असे की शिपायापाशी सुरू होणारी सुधारणा शिपायापाशीच संपते, आणि ती तशी संपावी अशीच सर्व पक्षांच्या राज्यकर्त्यांची इच्छा राहिली आहे.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. शब्दापासून सुरुवात करण्याची खोड सुटत नाही. 'हप्ता' हा शब्द फारसीतून आला. 'हफ्त' म्हणजे सात, त्यावरून आठवडा. मराठीत तो अर्थ मागे पडला आणि ठरावीक मुदतीने भरावयाची रक्कम हा अर्थ रुजला : विम्याचा हप्ता, घराच्या कर्जाचा हप्ता आणि बिअर बारचा, मटक्याच्या अड्ड्याचा, हातगाडीवाल्याचाही हप्ता. लाच ही प्रसंगापुरती असते. हप्त्याला वेळापत्रक असते, वसुलीसाठी नेमलेला माणूस असतो, तोंडी का होईना पण चोख हिशेब असतो. आता घराचा हप्ता भरणाऱ्याला आपण कोणते कर्ज फेडतो आहोत हे ठाऊक असते. मग ठाण्यात गोळा होणारा हप्ता कोणत्या कर्जाचा? तो जागेच्या कर्जाचा आहे. 'मलईदार' ठाणे पदरात पाडून घेण्यासाठी जे मोजावे लागले, मग ते रोख असो की आमदारसाहेबांच्या कार्यकर्त्यावरील गुन्हा न नोंदवण्याचे अभय असो, त्याची ती परतफेड आहे. जागा कधी काढून घेतली जाईल याची शाश्वती नसेल, तर फेडीची घाई अधिक. या व्यवहारात शिपाई हा फार तर वसुली कारकून.

मराठी लेखकांना हे कळले नव्हते असे नाही. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याचे कथानक आठवून पाहावे. कोतवालाची जागा रिकामी होते, हवालदाराला ती आपल्याला मिळेल असे वाटते, आणि प्रधान ती आपल्या माणसाला देऊन मोकळा होतो. पुढचा सारा गोंधळ त्या एका नेमणुकीतून उद्भवतो. आपण मात्र त्यातील द्व्यर्थी संवाद तेवढे पाठ केले. 'अर्ध सत्य' (१९८३) हा चित्रपट श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून निघाला आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यातला फौजदार पैसे खाणारा नाही. तो मोडतो तो वरून येणाऱ्या एका दूरध्वनीपुढे. एवढे असूनही आपल्या सामूहिक विनोदबुद्धीत रुजून बसला तो पांडू हवालदारच. त्याला हसणे सोपे आणि बिनधोक आहे.

आता इतिहासाकडे वळू. भारतात पोलीस हा विषय राज्यांच्या सूचीत आहे, तरी सर्व राज्यांच्या पोलिसांचा सांगाडा एकच, आणि तो १८५७ च्या उठावानंतर चारच वर्षांनी, १८६१ च्या कायद्याने घडवला गेला. सत्तेला उत्तरदायी आणि प्रजेला भयप्रद असे दल हवे होते. तसे ते मिळाले. १९०२ मध्ये नेमलेल्या फ्रेझर आयोगाने हे दल भ्रष्ट आणि जुलमी समजले जाते असा निर्वाळा दिला, म्हणजे निदान तेव्हाच्या परकीय सरकारने आपल्याच पोलिसांविषयी खरे लिहून ठेवले. स्वातंत्र्यानंतर तेवढेही घडायला आणीबाणी यावी लागली. आणीबाणीत पोलिसांचा जो वापर झाला त्याच्या अनुभवातून १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग स्थापन झाला. १९७९ ते १९८१ या काळात त्याने आठ अहवाल दिले. तोवर दिल्लीत सत्तांतर झाले होते आणि अहवाल फडताळात गेले. प्रकाश सिंह आणि एन. के. सिंह या दोन निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले.

सातांची जंत्री देण्याची गरज नाही. त्यातले मर्म दोन-तीन निर्देशांत आहे. ठाण्याच्या प्रमुखापासून महासंचालकापर्यंत, मोक्याच्या जागेवरील अधिकाऱ्याला किमान दोन वर्षे हलवू नये. उपअधीक्षक व त्याखालील अधिकाऱ्यांच्या बदल्या, नेमणुका आणि बढत्या मंत्र्याने नव्हे तर पोलीस आस्थापना मंडळाने ठरवाव्यात. त्या मंडळात महासंचालक आणि खात्यातील चार वरिष्ठ अधिकारी असावेत. सरकारने हस्तक्षेप करायचाच तर अपवाद म्हणून, कारणे लेखी नोंदवून. आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे असावीत. थोडक्यात, न्यायालयाने संस्कारांविषयी एक अक्षर काढले नाही. त्याने बाजार कुठे भरतो ते पाहिले आणि तिथेच टाळे लावायला सांगितले.

महाराष्ट्राने काय केले? आठ वर्षे विचार केला. मग २०१४ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या सरकारने महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून आज्ञापालनाचा देखावा उभा केला. कायद्यात आस्थापना मंडळे आली, पण वरिष्ठांच्या मंडळाच्या अध्यक्षस्थानी महासंचालकांऐवजी गृहखात्याचे अपर मुख्य सचिव बसले. कलम २२-न मध्ये मुदती आल्या : ठाण्यातील निरीक्षकाला दोन वर्षे, शिपायाला एका जागी पाच वर्षे. वाचून बरे वाटते. त्याच कलमात पुढे मध्यावधी बदलीची सोय आहे, अपवादात्मक प्रसंगी, लोकहितासाठी आणि प्रशासकीय निकडीमुळे. आणि त्याही पुढे जाऊन, गंभीर तक्रार, अनियमितता किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च सक्षम प्राधिकाऱ्याला मंडळाच्या शिफारशीवाचूनही कोणाचीही बदली करता येते. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न! पोलीस खात्यात दुसरा कोणता प्रश्न असतो? मच्छीमाराने जाळे विणावे आणि मधोमध मासा निघून जाईल एवढे भोक शिवणीतच ठेवावे, तसा हा प्रकार आहे. २०१५ मध्ये भाजप-शिवसेनेच्या सरकारनेही या कायद्याला हात लावला. हे भोक बुजवण्याची निकड मात्र त्यालाही भासली नाही. विधानसभेत एरवी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे पक्ष या एका कलमावर कसे गुण्यागोविंदाने नांदतात, हे पाहण्यासारखे आहे. 'लोकहित' हा शब्द आदेशावर छापलेला असतो. कोणत्या लोकांचे हित, हे शोधण्यासाठी बदली झालेला अधिकारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात खेटे घालतो. न्यायाधिकरणाने अशा कितीतरी बदल्या रद्द ठरवल्या आहेत. पण निकाल लागेपर्यंत त्या खुर्चीत दुसरा बसलेला असतो आणि त्याचे हप्ते सुरू झालेले असतात.

मार्च २०२१ मध्ये हे सारे चव्हाट्यावर आले, आणि आपण ते न बघता परत पाठवले. मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून हलवले गेलेले परमबीर सिंह यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महिन्याला १०० कोटी रुपयांच्या वसुलीचे लक्ष्य दिल्याचा आरोप केला. देशमुखांनी आरोप साफ फेटाळले. एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला, पुढे त्यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला. आरोप खरे की खोटे हा न्यायालयाचा विषय, आम्हाला त्यात पडायचे नाही. त्याच आठवड्यात राज्य गुप्तवार्ता विभागाचा पोलिसांच्या बदल्यांतील दलालीविषयीचा आदल्या वर्षीचा अहवालही गाजला. तो अहवाल खरा की खोटा यापेक्षा त्यासाठी फोन कुणी, कुणाच्या परवानगीने ऐकले याचीच चर्चा अधिक झाली. वाहिन्यांवर आठवडेच्या आठवडे कोण कोणाचा माणूस याचा काथ्याकूट चालला. या सगळ्या गदारोळात कलम २२-न चा उच्चार कोणी केलेला आम्हाला तरी आठवत नाही. शंभर कोटी हा आकडा ऐकून डोळे विस्फारणाऱ्या समाजाला, असा आकडा मनात आणण्याचे धाडस ज्या अधिकारातून येऊ शकते तो अधिकार दिसला नाही.

आता जॉर्जियाविषयी. उदाहरण खोटे नाही, अर्धवट आहे. २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या साकाश्विली यांनी २००४ मध्ये वाहतूक पोलीस दल बरखास्त केले, सुमारे १५ हजार जणांना घरी पाठवले, निवडून नवी माणसे घेतली, वेतन अनेक पटींनी वाढवले, काचेच्या भिंतींची पोलीस ठाणी बांधली. रस्त्यावरची चिरीमिरी खरोखर थांबली आणि हे यश लहान नाही. पण हे दल गृहमंत्र्याच्या मुठीतून सोडवण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याच सुधारित पोलिसांनी त्बिलिसीत विरोधकांच्या निदर्शनांवर लाठ्या, अश्रुधूर आणि रबरी गोळ्या चालवल्या. २०१२ मध्ये सरकार बदलले. २०२४ च्या अखेरीस नव्या सत्ताधाऱ्यांच्या हुकमावरून पोलिसांनी निदर्शकांना आणि पत्रकारांना पुन्हा बेदम मारले. लाच न घेता मारले, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे ज्यांना जॉर्जिया हवा आहे त्यांना बहुधा हाच जॉर्जिया हवा असतो : नाक्यावर पावती देणारा आणि वरून आदेश येताच काठी उगारणारा पोलीस.

सापळ्यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. पावडर लावलेल्या नोटांसह पकडला जातो तो हवालदार, नाईक, फार तर फौजदार. आणि पकडणारा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग हा पुन्हा गृहखात्याच्याच छत्राखाली, तिथले अधिकारीही पोलीस दलातूनच आलेले आणि त्याच बदल्यांच्या चक्रात परत जाणारे. हाँगकाँगने १९७४ मध्ये आपला भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापला तेव्हा तो पोलिसांपासून मुद्दाम तोडून थेट गव्हर्नरला जबाबदार केला होता. वसाहतीच्या सरकारलाही एवढे तारतम्य होते.

शिपायाची बाजू मांडणारे या चर्चेत कोणी नसते, कारण त्याला तोंड उघडण्याची मुभाच नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी आपल्या संघटनेच्या हक्कासाठी बंड केले ते चिरडून टाकण्यात आले, आणि त्यानंतर तो विषय राज्याने कायमचा मिटवला. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला तेव्हा, दिवसाला आठ तास काम ही इतरांच्या दृष्टीने शंभर वर्षांपूर्वीची मागणी पोलिसाला प्रयोग म्हणून मिळते, याचे कोणालाच फारसे आश्चर्य वाटले नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. लोकशाहीत पोलिसांवर नियंत्रण निवडून आलेल्या सरकारचेच हवे. पाच वर्दीधाऱ्यांच्या मंडळाला आम्ही का मत दिले होते? शिवाय ते पाच जण धुतल्या तांदळासारखे असतील याची हमी काय? हमी काहीच नाही. अधिकाऱ्यांचे मंडळही विकले जाऊ शकते, जातीचे, बॅचचे, प्रांताचे हिशेब तिथेही चालतील. म्हणूनच तक्रार प्राधिकरणाचा निर्देश मंडळाच्या निर्देशाशी जोडून वाचायला हवा; एक घ्यायचा आणि दुसरा दुबळा ठेवायचा असे करता येत नाही. पण नियंत्रण आणि मालकी यांत भेद आहे. स्त्रियांवरील गुन्ह्यांचा तपास आधी व्हावा, सायबर गुन्ह्यांसाठी मनुष्यबळ वाढवावे, मोर्च्यावर गोळीबार कोणत्या परिस्थितीत करू नये, हे सरकारने ठरवावे आणि त्याचा जाब विधानसभेत द्यावा. अमुक तालुक्याच्या ठाण्यात अमुक निरीक्षक असावा हे धोरण नव्हे. ज्या आमदाराला आपल्या मतदारसंघातील ठाणेदार निवडता येतो, त्याच्या पुतण्यावर गुन्हा नोंदवायला कोणी धजत नाही, आणि त्या मतदारसंघातील विरोधी मतदाराने फिर्याद घेऊन कुठे जावे, याचे उत्तर लोकनियंत्रणाचे पुरस्कर्ते देत नाहीत.

म्हणून आमची मागणी पोलिसांकडे नाही, आमदारांकडे आहे, आणि ती फार काव्यमय नाही. कलम २२-न मधील मंडळाला वगळून बदली करण्याची मुभा काढून टाका. आस्थापना मंडळाच्या अध्यक्षस्थानी महासंचालकांना बसवा. प्रत्येक मध्यावधी बदलीचा आदेश, मंडळाची शिफारस आणि ती डावलली असल्यास त्याची लेखी कारणे, सही करणाऱ्याच्या नावासह, आदेशाच्याच दिवशी जाहीर करा. त्यासाठी ना नवी इमारत लागते ना नवी भरती. पुढच्या अधिवेशनात असे विधेयक कोणत्याही एका सदस्याने अशासकीय म्हणून का होईना मांडावे. त्यावर सभागृहात कोण काय बोलते आणि कोण त्या दिवशी मतदारसंघात लग्नाला गेलेले असते, ते आम्ही याच जागी नावानिशी नोंदवून ठेवू.