परीक्षक आणि मालक

न्यूझीलंडच्या तारानाकी प्रांतांत कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रादेशिक मंडळाची देखरेख असते. १९९१ च्या कायद्यानें तपासणीचा खर्च परवानाधारकांकडून घेण्याचा अधिकार मंडळांना दिला. मंडळाचे अधिकारी ओढ्यांतील किडे व गोगलगायी मोजतात. कोणते जीव तगले, यावरून पाण्याची शुद्धता ठरते. कारखान्याच्या पैशानें कारखान्याची तपासणी, म्हणून कोणी नाक मुरडील. पण घाण करणाऱ्यानेंच झाडण्याचा खर्च द्यावा, हा न्यायच आहे. आमचा आक्षेप निराळा. तेथील बंदराची कंपनी सर्वस्वीं याच मंडळाच्या मालकीची, आणि तिच्या परवान्यांची तपासणीही मंडळाकडेच! अधिकारी कितीही सचोटीचे असोत, नफ्याचा धनी न्यायासनावर बसला कीं निकालाची प्रतिष्ठा जाते. बंदराची तपासणी शेजारच्या मंडळाकडे सोंपवावी. सचोटीला त्याचें भय कसलें?