धंद्याचा रकाना

शिरूर आणि दौंड तालुक्यांत गोठ्यावर, चाळीवर वा शेडवर जो ‘सिमेंटचा पत्रा’ चढतो, त्यात पुष्कळदा अस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा कापणाऱ्या मजुराला ते नाव ठाऊक नसते, आणि हे अज्ञान पुढे दवाखान्यात महाग पडते.

मेसोथेलिओमा हा मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. तंतू श्वासावाटे आत गेल्यावर तो प्रकट होण्यास बहुधा २० ते ५० वर्षे लागतात. धाप, छातीत दुखणे, फुप्फुसाभोवती पाणी ही लक्षणे पाहून आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो गैरही नव्हे. मात्र औषधांनी उतार पडत नसताना तीच औषधे चालू ठेवणे गैर आहे. नुसत्या पाण्याच्या तपासणीने अनेकदा भागत नाही. आवरणाचा तुकडा काढून त्याची विशेष परीक्षा करावी लागते.

दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या क्षयरोग रुग्णालयात नेमके हेच घडले. काही रुग्णांना क्षयाची औषधे लागू पडत नाहीत आणि ते अस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातून येतात, हे डॉ. स्लेग्ज यांनी हेरले. १९६० साली वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड यांनी ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत खाणीत कधीही न उतरलेली माणसेही होती! रुग्ण कोठे राहिला, त्याने काय काम केले, या चौकशीतूनच दुवा सापडला.

आपल्याकडे अस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा व्यवसायजन्य रोगांच्या कायदेशीर यादीत आहे. अस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. पण पत्रे चढवणाऱ्या रोजंदारीच्या मजुराची नोंद मुकादमाच्या वहीत, आणि ती वही पुढच्या दिवाळीपर्यंत टिकली तरी पुष्कळ. भरपाई मागायची ती कोणत्या कागदाच्या आधारे? पत्रा स्वस्त म्हणतात. त्या किमतीत आजारपणाचा खर्च धरलेलाच नसतो. तो तीस-चाळीस वर्षांनी मजुराच्या घरातून वसूल होतो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांना यासाठी नवे यंत्र नको. केसपेपरवर ‘धंदा: मजुरी’ एवढेच लिहून न थांबता डॉक्टरांनी विचारावे: पत्रे कापले होते काय? जुनी शेड पाडली होती काय? दौंडसारख्या जंक्शनवर वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरच्या वेष्टनाचे काम केले होते काय? आणि रुग्ण स्त्री असेल, तर अशा कामावरून आलेल्या माणसाचे धुळीचे कपडे घरी कोण धूत असे?